गावातून कॅट आणि सीईटी : अभ्यासिकेच्या कामाच्या नोंदी

२८ एप्रिल २०२४

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतली एक खोली अभ्यासिकेसाठी मिळाली असून, व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेश परीक्षा (आयआयएम म्हणजे भारतीय व्यवस्थापन संस्थांसाठीची कॅट आणि राज्याची एमबीए सीईटी) देऊ इच्छिणाऱ्या पाच जणांसाठी ती आजपासून उघडी राहील. पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेचा अभ्यास आमच्याकडे गावोगाव चालतो. त्याची पुस्तके तालुक्याला मिळतात आणि आधी परीक्षा दिलेला कोणी ना कोणी शेजारी असतोच. कॅटच्या वाटेला मात्र कोणी जात नाही, कारण ती परीक्षा आपली नव्हे असे मुलांनी अर्ज पाहण्याआधीच ठरवलेले असते. नागपूरची आयआयएम २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०२२ पासून ती मिहानमधल्या स्वतःच्या आवारात आहे, तरीही तिथे प्रवेश कोणत्या परीक्षेवर होतो हे पाचांपैकी एकालाही सांगता आले नाही. दुसऱ्या गावात कोणी असा प्रयत्न करणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

खर्च असा झाला : दोन जुने संगणक प्रत्येकी साडेनऊ हजारांना, इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळून साडेएकवीस हजार, टेबल-खुर्च्या शाळेतून उसन्या. गावातल्या नोकरदारांनी वर्गणी दिली. इंटरनेट मोबाइलवरूनच घ्यावे लागेल. त्यासाठी खिडकीशेजारची जागा ठरवली आहे, कारण खोलीत इतरत्र सिग्नल टिकत नाही.

१२ मे २०२४

अभ्यासाला हात घालण्यापूर्वी कागदपत्रे हातात घेतली. जूनमध्ये शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की सेतू केंद्रावर उभे राहायला जागा नसते, शिवाय पेरणीच्या दिवसांत वडिलांना सह्यांसाठी तालुक्याला नेणे अवघड होते. चौघांच्या चार वेगळ्या अडचणी निघाल्या आणि त्या इतरांनाही येतील म्हणून सविस्तर लिहितो.

जिल्हा परिषद शिक्षकाचा मुलगा कृषी पदवीधर आहे, जात कुणबी. त्याच्याकडे राज्याच्या नमुन्यातले जातप्रमाणपत्र होते आणि तेवढ्यावर काम भागेल अशी घरच्यांची समजूत होती. आयआयएमला केंद्र शासनाच्या नमुन्यातले इतर मागासवर्गाचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागते. तो अर्ज स्वतंत्र करावा लागतो. वडिलांच्या पगारामुळे आपण क्रिमीलेअरमध्ये मोडतो, असे धरून या कुटुंबाने नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज आजवर केलाच नव्हता. वास्तविक त्यासाठीची वार्षिक उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा तपासताना पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न मोजले जात नाही. एवढे माहीत नसल्यामुळे किती घरांनी हक्काची जागा सोडून दिली असेल, या विचाराने फार वाईट वाटले.

तांड्यावरची मुलगी बी.एस्सी. आहे. बंजारा समाज राज्याच्या यादीत विमुक्त जाती (अ) मध्ये येतो आणि केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात, त्यामुळे तिला दोन ठिकाणी दोन वेगळे प्रवर्ग लिहावे लागतील आणि दोन्ही प्रमाणपत्रे लागतील. त्यातच वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावरचे आडनाव आधारवरच्या नावाशी जुळत नाही, म्हणून आधी प्रतिज्ञापत्र.

खुल्या प्रवर्गातल्या बी.कॉम. मुलीला आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र मिळेल असे आम्ही धरून चाललो होतो, कारण घरचे उत्पन्न अगदी बेताचे आहे. परंतु केंद्राच्या नियमानुसार कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असली की उत्पन्न कितीही कमी असले तरी हे आरक्षण मिळत नाही. तिच्या वडिलांच्या नावे सात एकर आहे, सगळी कोरडवाहू. ओलिताचे सात एकर आणि खडकाळ माळाचे सात एकर एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. पण नियम तसा आहे, आणि तिचा अर्ज खुल्या प्रवर्गातूनच जाईल.

कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिणाऱ्या तरुणाचे अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र तयार आहे, मात्र जात वैधता, म्हणजे त्या प्रमाणपत्राची पडताळणी झाल्याचा दाखला, नाही. राज्याच्या सीईटीनंतरच्या प्रवेशफेऱ्यांत राखीव जागेसाठी वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी जुना पुरावा द्यावा लागतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. त्याच्या आजोबांची नोंद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडली. तांड्यावरच्या मुलीचे आजोबा शाळेत गेलेलेच नाहीत. तिच्यासाठी कोतवाल बुकातल्या (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतल्या) जन्मनोंदी शोधायला सांगितले आहे. आजोबांची मिळाली नाही तर त्यांच्या सख्ख्या भावाची चालेल, फक्त वंशावळ नीट जुळवून द्यावी लागेल.

पाचवा, अभियांत्रिकी पदवीधर, पुण्याला नोकरी लागल्याने गेला.

९ जून २०२४

इंग्रजीचा महिनाभराचा अभ्यास वाया गेला. बाजारातून आणलेल्या शब्दसूच्या मुले पाठ करत होती, वह्या भरत होती आणि त्यामुळे आपण पुढे जात आहोत असे सर्वांना वाटत होते. कॅटच्या संकेतस्थळावरचा जुना पेपर सोडवायला घेतल्यावर दिसले की शब्दाचा अर्थ सांगा, असा सरळ प्रश्न तिथे विचारतच नाहीत. २४ प्रश्नांपैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर, उरलेले परिच्छेदाचा सारांश, वाक्यांचा क्रम आणि वाक्याची योग्य जागा यांवर, आणि सगळ्याला मिळून ४० मिनिटे. शब्दसूच्या त्याच दिवशी बंद केल्या.

अडचण नेमकी कुठे आहे हे तांड्यावरच्या मुलीच्या वाचनातून कळले. जंगलालगतच्या वस्त्यांवरचा एक उतारा तिने ओळीओळीने मराठीत बरोबर सांगितला, एकाही शब्दाला अडली नाही, आणि प्रश्नांची उत्तरे मात्र जवळजवळ सगळी चुकली. तिला विचारले की लेखकाचे म्हणणे काय, तर तिने पहिल्या परिच्छेदातले मत सांगितले. ते मत लेखकाचे नव्हतेच; लेखकाने ते आधी मांडले होते आणि पुढे तीन परिच्छेदांत खोडून काढले होते. आमच्या शाळांमध्ये धड्यात लिहिलेले सगळे लेखकाचेच असते आणि ते खरेच असते, या सवयीने मुले वाचतात. तेव्हापासून प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच गोष्ट लिहायची : हे कोण म्हणत आहे. लेखक, त्याचा विरोधक की सर्वसामान्य समजूत. त्यानंतर संपूर्ण उताऱ्याचे म्हणणे एका मराठी वाक्यात तोंडी सांगायचे. वाक्य वऱ्हाडीत आले काय आणि तांड्याच्या गोरमाटी बोलीत आले काय, चालते. रोज दोन उतारे, आणि तेही कागदावर नव्हे तर पडद्यावर, कारण परीक्षेत तसेच वाचायचे आहे.

३० जून २०२४

पेरण्या आटोपत आल्या. संध्याकाळी कोणी वेळेवर येऊ शकत नाही, म्हणून अभ्यासिकेची वेळ पहाटे पाच ते साडेसात केली. डवरणी आणि निंदणाच्या दिवसांतही हीच वेळ राहील.

२८ जुलै २०२४

गणिताची भीती चौघांनाही आहे, परंतु तपासल्यावर असे दिसते की आठवी ते दहावीच्या पुस्तकांतले शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग हे पक्के झाले तर बराच पेपर हाताशी येतो. पुस्तकातली उदाहरणे कंटाळवाणी होत होती, म्हणून जिनिंगमधल्या तरुणाला त्याच्या कामातले उदाहरण फळ्यावर मांडायला सांगितले.

त्याने लिहिले : एक क्विंटल कापसातून ३४ किलो रुई निघते, एक गाठ १७० किलोची, तर शंभर गाठींना किती कापूस लागेल? पाचशे क्विंटल, हे सगळ्यांना आले. मग त्याने विचारले की कापूस ओलसर आला आणि रुईचा उतारा ३४ वरून ३३ वर घसरला, तर किती कापूस जास्त लागेल? दोघांनी लगेच सांगितले, एक टक्का जास्त, म्हणजे पाच क्विंटल. त्याने भागाकार करून दाखवला : १७,००० किलो रुईला ३३ टक्क्यांनी ५१५ क्विंटलांहून थोडा अधिक कापूस लागतो, म्हणजे वाढ पंधरा क्विंटलांची, सुमारे तीन टक्क्यांची. उतारा एकाने घटला तरी तो ३४ मधला एक आहे, शंभरातला नव्हे, हे त्या फळ्यावर सर्वांच्या डोक्यात असे बसले की पुन्हा शिकवावे लागले नाही. तेव्हापासून प्रत्येक जण आठवड्याला एक उदाहरण आपल्या घरच्या व्यवहारातून तयार करून आणतो : फवारणीच्या औषधाचे प्रमाण, पीककर्जाचे व्याज, दूध संकलनातले फॅट.

८ सप्टेंबर २०२४

कॅटची नोंदणी १ ऑगस्टपासून सुरू आहे, शेवटची तारीख १३ सप्टेंबर. शुल्क खुल्या, आर्थिक दुर्बल आणि इतर मागासवर्गासाठी २,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी १,२५० रुपये. आमचे चारही अर्ज आज गेले. तांड्यावरच्या मुलीचे केंद्रीय नमुन्यातले प्रमाणपत्र पोळा झाल्यावर हातात आले, तोवर तिचा अर्ज थांबवून ठेवला होता, कारण नोंदणीची मुदत संपल्यानंतर प्रवर्ग बदलता येत नाही. मे महिन्यात अर्ज केला म्हणून निभावले.

अर्ज बाहेरून भरून घेणाऱ्यांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. भरून देणारा माणूस घाईत स्वतःचा ई-मेल आणि मोबाइल क्रमांक टाकतो. पुढचे सारे संदेश त्याच्याकडे जातात आणि उमेदवाराला प्रवेशपत्र आल्याचेही कळत नाही. गावातल्या दुसऱ्या एका परीक्षार्थीचे मागे असेच झाले होते. ई-मेल उमेदवाराचाच हवा आणि त्याचा पासवर्ड त्याच्या स्वतःच्या वहीत लिहिलेला हवा. परीक्षेच्या शहरांसाठी पाच पसंती देता येतात. नागपूर पहिले लिहिले.

(नंतरची भर : मुदत २० सप्टेंबरपर्यंत वाढली. तिच्या भरवशावर राहू नये.)

२० ऑक्टोबर २०२४

सराव चाचण्यांचा काळ, आणि सोयाबीनच्या सोंगणीचाही. हजेरी निम्म्यावर आली आहे. भाव हमीभावाच्या खाली असल्याने घराघरांत काळजी आहे आणि अशा दिवसांत मुलाने दोन तास संगणकासमोर बसणे घरच्यांना पटवून देणे हेही कामच होऊन बसले आहे. विधानसभेची आचारसंहिता लागली असून महसूल कार्यालयांतला कर्मचारीवर्ग निवडणुकीत गुंतला आहे. ज्यांचे दाखले आता राहिले असतील त्यांचे फार हाल होतील.

चाचणीतले पहिले अपयश ज्ञानाचे नव्हते, हाताचे होते. मुलांचे आयुष्य मोबाइलवर गेले आहे. माउसने उतारा वरखाली सरकवताना ओळ हरवत होती. कॅटमध्ये संगणकाचा कीबोर्ड वापरता येत नाही, आकडी उत्तरेही पडद्यावरच्या कळांवर माउसने टिपावी लागतात, म्हणून दोन्ही कीबोर्ड कपाटात ठेवून दिले. एका विभागाची ४० मिनिटे संपल्याशिवाय पुढच्यात जाता येत नाही आणि मागे फिरता येत नाही, हेही अंगवळणी पडायला वेळ लागला. इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत होतो, पण वीज गेली की टॉवरही बंद पडतो आणि चाचणी मध्येच तुटते. त्यावर उपाय म्हणून जुने पेपर आधीच उतरवून ठेवले आणि वेळ घड्याळावर लावली.

तर्क आणि माहिती विश्लेषणाच्या विभागात मागच्या वर्षी चार संचांत (एकाच माहितीवर आधारलेल्या प्रश्नगटांत) २० प्रश्न होते. समोर येईल तो पहिला संच धरून बसायचे आणि तो सुटेपर्यंत हलायचे नाही, ही चिकाटी इथे घातक ठरते. कृषी पदवीधराची २८ मिनिटे एका संचात गेली आणि बाकीचे तीन त्याने वाचलेही नाहीत. आता पहिली पाच मिनिटे पेन उचलायचे नाही, सगळे संच वाचायचे आणि दोन निवडायचे, असा नियम केला आहे. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, परंतु पर्याय नसलेल्या आकडी उत्तरांच्या प्रश्नांना वजाबाकी नाही; तेवढे तरी कोरे सोडायचे नाहीत.

२४ नोव्हेंबर २०२४

परीक्षा झाली. केंद्र चौघांनाही नागपूर मिळाले, त्यातल्या दोघांची वेळ सकाळी साडेआठची. फाटक सव्वाआठला बंद होते, म्हणजे गावाहून पहाटे निघून पोहोचणे शक्यच नव्हते. आदल्या दिवशी, २३ तारखेला, विधानसभेची मतमोजणी होती. दुपारनंतर मिरवणुकांत रस्ते अडतील हे ओळखून सकाळच्या पहिल्या एसटीने निघालो. महिलांना अर्धे तिकीट असल्याने भाड्यात बचत झाली. जेवण आणि राहणे धरून माणशी साधारण नऊशे रुपये लागले.

जाण्यावरून एक अडचण आली होती. खुल्या प्रवर्गातल्या मुलीची आई ऐन कापूस वेचणीत वावर सोडू शकत नव्हती आणि तिचा प्रश्न सरळ होता : "पोरीले एकटीले नागपूरले कशी धाडू जी?" तांड्यावरच्या मुलीची मावशी हिंगण्याला राहते, दोघींची सोय तिथे केली आणि आईचे तिच्याशी फोनवर बोलणे करून दिले. दुसऱ्या गावांनी मुलींच्या मुक्कामाची ही व्यवस्था प्रवेशपत्राची वाट न पाहता आधीच ठरवावी, कारण मुलीची परीक्षा ऐनवेळी यावरूनच हुकते.

पेपरने धक्का दिला. एकूण प्रश्न ६६ वरून ६८ झाले आणि तर्काच्या विभागात चारऐवजी पाच संच, २२ प्रश्न आले. आधी सगळे वाचायचे, हा नियम अंगी भिनला होता म्हणून तिघे गोंधळले नाहीत. जिनिंगमधला तरुण मात्र चारच संच असतील या समजुतीने शेवटचा संच न पाहताच राहिला आणि बाहेर आल्यावर सोबत्यांकडून त्याला कळले की तोच सर्वांत सोपा होता.

१९ डिसेंबर २०२४

निकाल लागला. कृषी पदवीधराला ९१ पर्सेंटाइल, इतर तिघे ७० ते ८२ च्या दरम्यान. घरोघर जाऊन समजवावे लागले की हे शंभरपैकी गुण नव्हेत. ९१ म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरांतले सुमारे ९१ जण त्याच्या मागे आहेत. तांड्यावरच्या मुलीचे गणित उत्तम गेले, पण आयआयएम प्रत्येक विभागात किमान पर्सेंटाइल मागते आणि इंग्रजीत ती त्याखाली राहिली. जूनपासून तिने केलेली मेहनत मी रोज पाहिली आहे. तिची इंग्रजीची पहिली खरी ओळख कदाचित आमच्याच खोलीत झाली आणि पाच महिन्यांत ती शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलांशी भिडली. तिला सीईटीच्या तयारीला आजच बसवले आहे.

१६ फेब्रुवारी २०२५

कृषी पदवीधराला नव्या आयआयएमपैकी दोन ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे आहे. पाठ केलेली उत्तरे त्याच्या तोंडात कृत्रिम वाटत होती, म्हणून ती सोडून त्याला त्याच्या वावराबद्दल इंग्रजीत बोलायला लावले. सराव मुलाखतीत मी विचारले की लांब धाग्याच्या कापसाचा या हंगामाचा हमीभाव ७,५२१ रुपये आणि सोयाबीनचा ४,८९२ असताना शेतकरी कमी भावात का विकतो. त्यावर तो थांबलाच नाही : ओलावा, साठवणुकीला जागा नसणे, रब्बीसाठी लगेच लागणारा पैसा, खरेदी केंद्रावरची प्रतीक्षा. हे सारे त्याने जगलेले आहे, फक्त ते तीन मिनिटांत क्रमाने सांगायचा सराव हवा होता. कोटाचा खर्च टाळला. शिक्षकांपैकी एकाचा कोट मापात बसवून घेतला.

३ एप्रिल २०२५

राज्याची एमबीए सीईटी १ ते ३ एप्रिलला झाली. कॅटची तयारी आहे म्हणजे ही सहज जाईल, असे समजून चालत नाही. १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. कॅटमध्ये प्रश्न सोडून द्यायला शिकलेली मुले इथेही सोडून देत होती. पहिल्या सरावात पन्नासावर प्रश्न कोरे राहिले. शेवटची पाच मिनिटे उरलेल्या सगळ्या प्रश्नांवर खूण करण्यासाठी राखायची, हे दोन महिने घोकून घेतले. आकृत्यांच्या तर्काचे २५ प्रश्न कॅटमध्ये नसतात, त्यांची वेगळी वही केली. तिघांचेही पेपर पूर्ण झाले, एकही प्रश्न कोरा राहिला नाही.

२९ जुलै २०२५

कृषी पदवीधराला एका नव्या आयआयएममध्ये प्रवेश मिळाला. कर्जासाठी पीएम विद्यालक्ष्मी योजनेतून अर्ज केला. तिच्यात तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर अभ्यासक्रमाच्या काळात तीन टक्के व्याज सवलत आहे. त्याच्या वडिलांनी आधी दोन एकर गहाण टाकण्याची तयारी केली होती. ती वेळ आली नाही याचा आम्हा सर्वांना फार आनंद आहे. उरलेले तिघे राज्याच्या प्रवेशफेऱ्यांत आहेत. तांड्यावरच्या मुलीची वैधता चुलत आजोबांच्या कोतवाल बुकातल्या नोंदीवर मंजूर झाली आणि जिनिंगमधल्या तरुणाचीही हातात आहे.

नव्या तुकडीत सहा जण आहेत. या वर्षीची कॅट ३० नोव्हेंबरला आहे, नोंदणी १ ऑगस्टपासून १३ सप्टेंबरपर्यंत, शुल्क २,६०० आणि १,३०० रुपये. सहापैकी चौघांची केंद्रीय नमुन्यातली प्रमाणपत्रे आली आहेत, एकाला प्रमाणपत्राची गरज नाही, आणि एका मुलीचा अर्ज वडिलांच्या नावातल्या फरकामुळे परत आला आहे. तिचे प्रतिज्ञापत्र सोमवारी करायचे ठरले असून तोपर्यंत तिने नोंदणीचे फक्त खाते उघडून ठेवायचे आहे, प्रवर्गाची माहिती भरायची नाही.